पाचोळ्यातल्या भुंगेऱ्याचं बारसं

माझ्या टेबलावर एक झेरॉक्स पुस्तक कायम उघडं असतं. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेतला कॅरॅबिडी कुळाचा, म्हणजे जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांचा, दुसरा खंड. साल 1935, लेखक एच. ई. अँड्र्यूज. पहिला खंड 1929 चा. दुसऱ्या खंडाच्या नावात ‘हार्पॅलिनी, भाग पहिला’ असं लिहिलंय. भाग दुसरा कधी निघालाच नाही. अँड्र्यूज 1950 मध्ये वारला आणि या कुळाचा मोठा हिस्सा त्या मालिकेबाहेरच राहिला. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मास्तराला कोल्हापुरात बसून एखादा बारका भुंगेरा ओळखायचा असेल, तर आजही सुरुवात या दोन खंडांपासूनच करावी लागते. त्यानंतर काय करायचं, हाच या लेखाचा विषय.

हे कूळ प्रचंड आहे. जगात त्याच्या चाळीस हजारांच्या आसपास प्रजातींना नावं मिळालेली आहेत. त्यातले थोरले आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेले असतात, नाव माहीत नसतं इतकंच. दख्खनच्या माळावर पहिल्या पावसानंतर पाठीवर सहा पांढरे ठिपके मिरवत पळणारा काळा दांडगा भुंगेरा म्हणजे अँथिया सेक्सगुटाटा. फाब्रिशियसने 1775 मध्येच त्याला नाव दिलं. इंचाहून मोठा, दिवसाढवळ्या दिसणारा प्राणी. त्याचं नाव लवकर ठरलं यात नवल नाही. पण याच कुळात दीड ते तीन मिलिमीटरचे भुंगेरे आहेत. नदीकाठच्या ओल्या वाळूत, कुजक्या लाकडाच्या सालीखाली आणि जंगलातल्या पाचोळ्यात ते राहतात. दिवा लावून बसलं की काही जाती ताटात येऊन पडतात, पण पाचोळ्यातल्या कित्येकांना उडायला धड पंखच नसतात. ते दिव्याकडे येत नाहीत. त्यांच्याकडे आपल्यालाच जावं लागतं, गुडघ्यावर बसून.

त्यासाठीची हत्यारं साधी आहेत. मोठ्या भोकांची चाळण, तिच्याखाली बांधलेली कापडी पिशवी आणि पाचोळा. आम्ही राधानगरीच्या खालच्या अंगाला एका मालकी रानात, मालकाला विचारून, पाचोळा चाळतो. अभयारण्यात असं काही करायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. चाळलेला भुगा जाळीच्या पिशवीत भरून ती एका बंद कापडी पिशवीत टांगायची आणि खाली अल्कोहोलची बाटली बांधायची. भुगा वाळत जातो तसे आतले जीव ओलीच्या शोधात हलू लागतात आणि बाटलीत पडतात. या पिशवीला विंकलर म्हणतात. रानाचा मालक एकदा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “एवढ्याशा किड्याला नाव ठेवून काय करायचं हो सर?” मी म्हटलं, “नाव ठेवायच्या आधीच निम्मं आयुष्य जातंय. काय करायचं ते पुढचा बघेल.” त्याला उत्तर पटलेलं दिसलं नाही. त्याने बिडी काढली, आणि पाचोळ्यापासून लांब जाऊन ओढ म्हणून मला सांगावं लागलं.

त्या बाटलीतून मुंग्या, कोळी, माइट यांच्या गर्दीत एक तांबूस भुंगेरा निघतो. दोन मिलिमीटरच्या आतला. सूक्ष्मदर्शकाखाली पालथा केला की खुणा दिसायला लागतात. तोंडाजवळच्या संस्पर्शकाचा शेवटचा सांधा सुईच्या टोकासारखा बारीक. पुढच्या पायाची नळी टोकाला बाहेरच्या बाजूने तिरकी छाटलेली. पाठीवरच्या टणक पंखांवर मधल्या शिवणीलगत जाणारी रेघ शेवटाला पोचते आणि आकड्यासारखी वळून परत वर येते. हनुवटीच्या पट्टीवर दोन चिमुकले खळगे. एवढं जुळलं की हा टॅकिस नावाच्या वंशातला किंवा त्याच्या भावकीतला, हे नक्की होतं. डोळ्याच्या कडेला दोन ताठ केस असतात. पंखांवरही ठरावीक जागी एकेक केस उभा असतो. ते कुठे आहेत, कितव्या रेघेवर आहेत, यावर प्रजाती ठरते. केस झडला असेल तर तो जिथून उगवला ती टाचणीच्या टोकाएवढी खळी शोधायची. इथपर्यंत यायला संध्याकाळ होते, आणि इथून पुढे खरा प्रश्न उभा राहतो: याला आधी कुणी पाहिलंय का?

हा प्रश्न सुटेपर्यंत प्रजाती नवी ठरत नाही. रानात सापडली म्हणून ती नवी होत नाही. आधीची सगळी नावं आणि त्या नावांमागचे प्रत्यक्ष नमुने तपासून, यातला हा कुणीच नाही, असं म्हणता आलं तरच ती नवी. आपल्या भुंगेऱ्यांच्या बाबतीत ती सगळी नावं आणि तो सगळा माल दीडशे-दोनशे वर्षांत युरोपभर विखुरला गेला. तो कसा विखुरला ही गोष्ट मला भुंगेऱ्यांइतकीच रंजक वाटते.

काउंट देजाँपासून सुरुवात करू. नेपोलियनच्या सैन्यातला हा अधिकारी. शिरस्त्राणाच्या आत बुचाचं अस्तर लावून लढाईतही त्यात भुंगेरे टोचायचा, असं सांगतात. त्याने कॅरॅबिडी कुळाचा त्या काळचा सर्वांत मोठा संग्रह केला आणि 1825 पासून त्याचे खंड काढले. पुढे त्याचे हे भुंगेरे मार्किस द ला फेर्ते-सेनेक्तेर याच्याकडे गेले, तिथून बॅरन शोदुआरकडे, शोदुआरकडून रने ओबर्थ्यूरकडे आणि 1952 मध्ये ओबर्थ्यूरच्या संग्रहाबरोबर पॅरिसच्या संग्रहालयात. म्हणजे देजाँने ‘पूर्व भारत’ एवढंच लिहून वर्णन केलेला एखादा भुंगेरा नेमका कोणता, हे बघायचं तर चार सरदार-सावकारांच्या पेट्यांमधून फिरून पॅरिसला उतरलेली टाचणी शोधावी लागते. सुदैवाने ती तिथे सापडते. सगळ्यांचं नशीब इतकं चांगलं नव्हतं.

रशियन सैन्यातला कर्नल मोचुल्स्की हा दुसरा. 1851 मध्ये त्याने आपल्या उपखंडातल्या कितीतरी बारक्या भुंगेऱ्यांना नावं देऊन टाकली. वर्णनं अशी त्रोटक की त्यातलं अर्धं कुठल्याही टॅकिसला लागू पडावं. ती वाचून आजचा माणूस नुसता चरफडतो. त्याचा संग्रह मॉस्कोत आहे. ती वर्णनं नीट लावायला सत्त्याहत्तर वर्षं गेली: 1928 मध्ये अँड्र्यूजने मोचुल्स्कीच्या मूळ नमुन्यांवर स्वतंत्र लेखच लिहिला. त्या मानाने सिलोनमधला निएटनर बरा. हा जर्मन माणूस कॉफीच्या मळ्यात राहायचा. कॉफीच्या किडींवर त्याने 1861 मध्ये पुस्तक काढलं, आणि त्याआधी 1850 च्या दशकातच तिथल्या बारक्या भुंगेऱ्यांची वर्णनं छापायला लागला होता. ज्या मातीतून किडा काढला तिथेच बसून त्याने वर्णन लिहिलं. असं करणारे त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मग इटालियन प्रवासी लिओनार्दो फेआ. 1885 ते 1889 या काळात तो ब्रह्मदेशात हिंडला आणि जिनोआच्या संग्रहालयासाठी पेट्याच्या पेट्या भरून नेल्या. त्यातल्या कॅरॅबिडींची यादी केली हेन्री वॉल्टर बेट्सने. ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून नकलेचा सिद्धान्त मांडणारा, तोच बेट्स. ही यादी 1892 मध्ये छापून आली आणि त्याच वर्षी तो वारला. हा माल जिनोआत होता, म्हणून 1925 मध्ये अँड्र्यूजने पौर्वात्य टॅकिसचा समग्र आढावा लिहिला तेव्हा तो जिनोआच्याच नियतकालिकात छापलेला पाहून मला आश्चर्य वाटलं नाही. इंग्लंडातला माणूस, भारतातले किडे, इटलीतलं मासिक. पावणेदोनशे पानं, आणि सगळी या एवढ्याशा जिवांवर!

अँड्र्यूजचा जन्म 1863 चा. इथल्या वनखात्यात नोकरी करून तो इंग्लंडला परतला आणि उरलेलं आयुष्य या एका कुळाला दिलं. त्याचं मोठेपण मला त्याच्या वर्णनांपेक्षाही त्याच्या खटपटीत दिसतं. लंडन आणि ऑक्सफर्डमधल्या मूळ नमुन्यांवर त्याने 1919 मध्ये लेख लिहिला; मग युरोपातल्या इतर संग्रहांचे नमुने तपासत गेला. कुणाचं नाव खरं, कुणाचं त्याच किड्याला दुसऱ्यांदा दिलेलं, हे एकेक करून लावलं. 1930 मध्ये सरकारने त्याची भारतीय कॅरॅबिडींची सूची काढली. नवीन प्रजातीचं वर्णन करणं यापेक्षा सोपं असतं, आणि त्यात नावही मिळतं. जुनी खाती जुळवणाऱ्याला कोण विचारतो?

त्याला माल पुरवला तो मुख्यतः वनाधिकाऱ्यांनी. कुमाऊँमधून एच. जी. चॅम्पियनने, ज्याचं 1936 चं भारतीय जंगलांचं वर्गीकरण आमच्या पोरांनी परीक्षेसाठी घोकलेलं असतं. तो किडे गोळा करायचा हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. आणि आपल्या बाजूने, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या उत्तर कानडा जिल्ह्यातून, टी. आर. डी. बेलने. बेल कारवारला राहायचा आणि 1948 मध्ये तिथेच वारला. कलेक्टर डेव्हिडसन आणि मिठाच्या खात्यातला एटकन यांच्याबरोबर त्याने कानड्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या, त्यांची झाडं, कोष यांचा असा अभ्यास केला की मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमधले ते लेख आजही उघडावे लागतात. अळी कुठल्या झाडाच्या कोवळ्या पानावर बसते, किती दिवसांनी कात टाकते, सगळं बारकाईने. पण भुंगेऱ्याच्या टाचणीवर चिठ्ठी काय, तर ‘कानडा’. नीलगिरीच्या भुंगेऱ्यांवर ‘नीलगिरी हिल्स, एच. एल. अँड्र्यूज’ अशी छापील चिठ्ठी दिसते. आडनाव तेच, आद्याक्षरं वेगळी. कुठल्या उंचीवर, सालीखाली की वाळूत, शोला जंगलाच्या पाचोळ्यात की चहाच्या मळ्यात, काहीच नाही. जिल्हा हाच पत्ता.

हे मी टीका म्हणून सांगत नाही. तेव्हाची रीत तीच होती. पण तिचा परिणाम असा की पाचोळ्यात राहणारे भुंगेरे त्या संग्रहांत फार कमी आले. दिवा, नदीकाठ, साली आणि दगड यांच्यावर त्यांचा भर होता. खुद्द पाचोळ्याबद्दल मात्र वनखातं उदासीन नव्हतं हं! ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी भाताच्या रोपांसाठी टहाळ आणि पालापाचोळा नेऊन राब भाजावा की नाही, यावर इतका वाद पेटला की मुंबई सरकारने वन आयोग नेमला आणि 1887 मध्ये त्याचा जाडजूड अहवाल आला. पाचोळा कुणाचा यावर इतके कागद खर्ची पडले. त्या पाचोळ्यात राहतं कोण, या प्रश्नाला आयोग कशाला हात घालेल?

त्याच सुमारास युरोपात चाळणीचं शास्त्र पुढे जात होतं. मोराव्हियातल्या पास्काऊ गावचा एडमंड राइटर भुंगेऱ्यांचा व्यापारी आणि अभ्यासक, दोन्ही होता. त्याने कीटकचाळणीचा जोरात प्रचार केला. 1905 मध्ये इटलीच्या बेर्लेसेने नरसाळ्याचं यंत्र काढलं. त्यात नरसाळ्याभोवती गरम पाण्याची ऊब द्यायची आणि खाली किडे गोळा करायचे. 1918 मध्ये स्वीडनच्या तुलग्रेनने पाण्याऐवजी विजेचा दिवा लावला. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पत्र्याच्या डब्याला भोक पाडून वर बल्ब टांगलेलं जे होतं, ते हेच. या साधनांनी माणसाच्या नजरेला न पडणारे, आंधळे, बिनपंखांचे, मातीच्या भेगांत राहणारे भुंगेरे शेकड्यांनी वर आले. फ्रान्सच्या रने जानेलने अशांवर 1937 मध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यांचा पसारा गोंडवन खंडाच्या फुटण्याशी जोडला. खंड सरकतात हे भूगर्भशास्त्रज्ञांतल्या बहुतेकांना मान्य नव्हतं त्या काळात. उडता न येणारा, डोळे नसलेला किडा समुद्र ओलांडून जाणार कसा, हा त्याचा रोकडा सवाल होता.

जानेलचं दुसरं ऋण आम्ही रोज फेडतो. बाहेरून जुळ्यासारखे दिसणारे दोन भुंगेरे वेगळे की एक, हे नराच्या जननेंद्रियावरून ठरवण्याची रीत या कुळात त्याच्या कामामुळे पक्की झाली. सुकलेला भुंगेरा कोमट पाण्यात नरम करायचा, पोटाच्या टोकातून बारीक सुईने ती टणक वाकडी नळी ओढून काढायची, क्षारात उजळवायची आणि पट्टीवर बसवायची. दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यात ती नळी किती असेल याचा अंदाज वाचकाने करावा. शिंक आली तर काम संपलं. अँड्र्यूजने मुख्यतः बाहेरच्या खुणांवर काम केलं. म्हणून त्याच्या एका नावाखाली दोन-तीन वेगळे भुंगेरे नांदत असण्याची शक्यता मला दाट वाटते, विशेषतः घाटातल्या बिनपंखी जातींत. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायला ज्यांना वाटच नाही, ते सगळीकडे एकच राहतील कसे?

नाव द्यायचे नियमही हळूहळू कडक झाले. 1758 हे आरंभवर्ष धरलं आहे, लिनियसच्या दहाव्या आवृत्तीचं. आंतरराष्ट्रीय नियमावली 1905 मध्ये आली. 1931 पासून शब्दांत वर्णन देऊन वेगळेपण सांगणं सक्तीचं झालं. 2000 पासून मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे सांगितल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. मोचुल्स्की आज असता तर त्याचा एकही लेख छापला गेला नसता. आपल्याकडे जैवविविधता कायदा 2002 ची भर पडली: नवी प्रजाती सापडली तर अधिकृत भांडाराला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. परदेशात जाणाऱ्या टाचण्यांना त्यामुळे बांध पडला. परदेशातल्या पेट्या बघायला आपल्या पोरांना तिकिटाचे पैसे कोण देणार, हे मात्र कायद्यात नाही. आता संग्रहालयं फोटो पाठवतात, त्यावर पुष्कळसं भागतं. केसाची खळी फोटोत दिसेलच असं नाही.

अजून किती प्रजाती मोजायच्या राहिल्यात हा विषय निघाला की टेरी अर्विन या कीटकशास्त्रज्ञाचं नाव पर्यावरणाच्या भाषणांत हमखास येतं. पनामात एकाच जातीच्या एकोणीस झाडांवर धुरी देऊन पडलेले भुंगेरे त्याने मोजले आणि 1982 मध्ये उष्ण कटिबंधात तीन कोटी संधिपाद प्रजाती असाव्यात असा हिशेब मांडला. पुढच्यांनी तो आकडा बराच खाली आणला. पण हा अर्विन 1970 च्या दशकात टॅकिसच्या भावकीचाच अभ्यासक होता, हे भाषणांत येत नाही. मला वाटतं, ज्याने आधी दीड मिलिमीटरच्या जिवांची वर्षानुवर्षं छाननी केली त्यालाच जग अजून मोजायचं राहिलंय याची खरी धास्ती वाटू शकते.

आपल्या घाटात आता काम सुरू आहे. कोझिकोडच्या देवगिरी कॉलेजातून साबू के. थॉमस यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम घाटातले पाचोळ्यातले भुंगेरे गोळा करून, लावून, या कुळातल्या नव्या प्रजातींची वर्णनं केली. अध्यापनाचं काम सांभाळून एका कॉलेजातून हे झालं, म्हणून त्याचं मोल मला जास्त. महाराष्ट्राच्या बाजूला, आंबोलीपासून भीमाशंकरपर्यंत, पाचोळा इतक्या सातत्याने चाळला गेलेला नाही. माझ्या डब्यात चिकटवलेले काही भुंगेरे आहेत. अँड्र्यूजच्या पुस्तकातल्या ओळख-तालिकेत ते कुठेच बसत नाहीत. म्हणून ते नवे, असं मी म्हणणार नाही. तालिका 1935 ची आहे आणि मूळ नमुने लंडन, पॅरिस, जिनोआत.

माझं गाऱ्हाणं परदेशी पेट्यांबद्दल नाही. त्या त्यांनी जपल्या तरी. आपल्याच एका जुन्या कॉलेजात पन्नासेक वर्षांचा कीटकसंग्रह मी पाहिला होता. डांबरगोळ्या बदलणारा शिपाई निवृत्त झाला आणि काही वर्षांत संग्रहातल्या किड्यांचा दुसऱ्या किड्यांनी भुगा करून टाकला. टाचण्या उभ्या, त्यांवर चिठ्ठ्या शाबूत आणि मध्ये काही नाही. त्यातल्या एका चिठ्ठीवर ‘आंबा घाट, कुजक्या पानांत’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. ज्याने लिहिलं त्याला चिठ्ठीचं मर्म कळलं होतं.

तेव्हा महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्र विभागांत जे अजून नोकरीत आहेत त्यांना एवढंच सांगणं: कपाटाच्या वरच्या खणात धूळ खात पडलेली कीटकांची पेटी असेल तर ती उघडून बघा. चिठ्ठ्या फेकू नका, उतरवून घ्या. आणि सांभाळणं जमत नसेल तर ती रद्दीत जाण्याआधी भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाच्या पुण्यातल्या आकुर्डी केंद्राला एक पत्र टाका.